हेलिकॉप्टरला धावपट्टी कशाला? जुहू तळाचा हिशेब

मुंबईतल्या जुहूच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. मोठी ०८/२६ (हे आकडे दिशेचे, ०८ म्हणजे जवळपास पूर्वेकडे तोंड, २६ म्हणजे जवळपास पश्चिमेकडे), लांबी १,१४३ मीटर, आणि छोटी १६/३४, साधारण ७३० मीटर. इथून उडतात ती मात्र बहुतेक हेलिकॉप्टरं. उभ्या उभ्या उडणाऱ्या यंत्राला किलोमीटरभर पट्टी कशाला हवी, एवढ्या जागेत किती घरं झाली असती, हा प्रश्न अंधेरी-पार्ल्यात नेहमी ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला थोडं गणित करावं लागतं, पण ते शाळेतलंच आहे.

आधी जमिनीचा हिशेब करू. हेलिपॅडची मापं हेलिकॉप्टरच्या ‘डी’ या एका आकड्यावर ठरतात. रोटर फिरत असताना पुढच्या पात्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची जी सगळ्यात मोठी लांबी, ती डी. एडब्ल्यू-१३९ या सध्याच्या लोकप्रिय यंत्राची डी १६.६६ मीटर आहे आणि जुन्या डॉफिन एन-३ची १३.७३. शेवटचा उतार आणि उड्डाण जिथे होतं तो भाग, वर्षानुवर्षं वापरात असलेल्या मापात, मोठ्या हेलिकॉप्टरसाठी निदान एक डी रुंद धरला जायचा. त्याच्या भोवती सुरक्षा पट्टा असतो. तो पाव डी किंवा ३ मीटर, यांतलं जे जास्त असेल तेवढा. म्हणजे एडब्ल्यू-१३९ला १६.६६ अधिक दोन्ही बाजूंना ४.१७, एकूण २५ मीटरचा चौक. मधल्या पिवळ्या वर्तुळाचा आतला व्यास अर्धा डी, म्हणजे ८.३३ मीटर, पायलटचं आसन त्या रेषेवर आलं की बाकीचं धड आपोआप सुरक्षित जागेत बसतं. पांढरा ‘एच’ ३ मीटर उंच, १.८ मीटर रुंद. एवढं सगळं शेजारशेजारच्या दोन टेनिस कोर्टांच्या आवारात मावतं. इथपर्यंत घर शोधणाऱ्याचं म्हणणं बरोबरच आहे.

अडचण इंजिन बंद पडण्याची आहे. समुद्रावर आणि दाट वस्तीवर माणसं नेणारी ही हेलिकॉप्टरं दोन इंजिनांची असतात, आणि उड्डाणाच्या कुठल्याही क्षणी एक इंजिन गेलं तरी कोणालाही इजा होऊ नये असा हिशेब आधी करून मगच ती उडवायची असतात. मोकळ्या धावपट्टीवर हे असं साधतं: यंत्र जमिनीपासून काही फूट वर उचलून स्थिर धरायचं आणि दोन्ही इंजिनांची ताकद तपासायची. मग नाक किंचित खाली करून पट्टीवरून वेग घ्यायचा. ठरावीक वेग आणि उंचीला निर्णयबिंदू येतो. तो प्रत्येक प्रकाराच्या पुस्तकात वेगळा दिलेला असतो. बिंदूच्या आधी इंजिन गेलं तर समोर उरलेल्या पट्टीवरच उतरायचं. बिंदूनंतर गेलं तर उरलेल्या एका इंजिनावर पुढे जायचं आणि वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याच्या निदान ३५ फूट वरून निघायचं. दोन्ही पर्याय कायम हातात असणं हे त्या १,१४३ मीटरचं काम. निर्णयबिंदूपाशी पायलटकडे विचार करायला वेळ नसतो. उतरायचं की पुढे जायचं हे आधी मोठ्याने बोलून ठरलेलं असतं, आणि दोघांपैकी ज्याचे हात नियंत्रणावर नसतात तो बिंदू आला की तसं पुकारतो.

आता ‘पुढे जायचं’ म्हणजे किती चढायचं? प्रमाणपत्रासाठी एका इंजिनावर २०० फुटांच्या पातळीवर मिनिटाला १०० फूट चढता आलं तरी पुरतं. शंभर फूट म्हणजे ३० मीटर, दहा मजली इमारत. त्या वेळचा वेग ४० नॉट धरला तर मिनिटभरात यंत्र सव्वा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. सव्वा किलोमीटरमध्ये दहा मजले! चढ जेमतेम अडीच टक्क्यांचा. काही इंजिनांना ३० सेकंद आणि २ मिनिटांची आणीबाणीची जादा ताकद दिलेली असते, पण ती वापरली की इंजिन तपासणीसाठी बाजूला काढावं लागतं, आणि तिच्या भरवशावर इमारती ओलांडत बसता येत नाही. म्हणून समोर अडथळा असला की एकच उपाय उरतो, वजन कमी करायचं. एक प्रवासी खाली ठेवायचा किंवा इंधन कमी घ्यायचं. जेट ए-१ इंधन लिटरला साधारण ०.८ किलो भरतं, म्हणजे १०० लिटर आणि सामानाशिवायचा एक माणूस यांचं वजन जवळपास सारखंच.

त्यात मुंबईचा उन्हाळा. प्रमाण हवामान समुद्रसपाटीला १५ अंश धरतं. त्याच्या वर प्रत्येक अंशाला हवा १२० फूट उंचावरच्या हवेइतकी विरळ होते. मे महिन्यात ३५ अंश असताना २० गुणिले १२०, म्हणजे २,४०० फूट. मीटरमध्ये सुमारे ७३०. यंत्राच्या दृष्टीने त्या दुपारी जुहू हे लोणावळ्यापेक्षा उंच गाव असतं. पात्यांना हवा कमी मिळते, इंजिनालाही कमी मिळते, आणि दमटपणा त्यात थोडी भर घालतो. सकाळी सहाला सहज उचललेलं वजन दुपारी दोनला उचलेलच असं नाही. गडबड बहुधा इथेच होते. सकाळचा वजनाचा तक्ता दुपारच्या फेरीला तसाच वापरला जातो, तापमानाचा रकाना भरायचा राहतो, आणि यंत्र उचलल्यावर टॉर्कचा, म्हणजे रोटर फिरवायला लागणाऱ्या जोराचा, काटा अपेक्षेपेक्षा वर दिसतो. तो दिसला की परत खाली ठेवायचं, यात कमीपणा नाही.

समोरून वारा असेल तर मदत होते, पण तिथेही नियम हात राखून आहे. तक्त्यात समोरच्या वाऱ्याचा अर्धाच फायदा धरायचा आणि मागून वारा असेल तर त्याचा तोटा दीडपट मोजायचा. जुहूला हे नीट जुळतं. दुपारचं समुद्री वारं पश्चिमेचं, पावसाळी वारंही पश्चिम-नैर्ऋत्येचं. २६वर तोंड केलं की वारा समोर, आणि पुढे रस्ता, इमारतींची रांग, वाळू, मग पाणी. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे हलकं वारं असतं. तेव्हा ०८ची दिशा योग्य वाटते, पण ती सरळ सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाकडे जाते. त्यामुळे मागून हलका वारा घेऊन समुद्राकडे निघायचं, की टॉवरच्या परवानगीची वाट बघत थांबायचं, हे रोज पहाटे ठरवावं लागतं.

सांताक्रूझचा शेजार जुहूच्या पाचवीला पुजलेला. दोन्हीकडच्या मुख्य पट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या, ०८/२६ आणि ०९/२७. २४ सप्टेंबर १९७२ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं आणि पट्टी संपल्यावर पुढे गेलं. जीवितहानी झाली नाही, विमान मात्र गेलं. वरून बघणाऱ्याला दोन पट्ट्या किती सारख्या दिसतात याचा याहून मोठा पुरावा नको. आजही जुहूवरून निघणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरला मोठ्या विमानतळाच्या नियंत्रणाशी जुळवून घ्यावं लागतं. ठरलेली उंची आणि ठरलेली वाट, आणि पलीकडे विमान उतरत असेल तर जमिनीवर रोटर फिरवत थांबणं. हे थांबणंही इंधनाच्या हिशेबात आधीच धरावं लागतं.

“मग गच्चीवर करा की हेलिपॅड” हा सुचवला जाणारा दुसरा मार्ग. तोही मोजून बघू. गच्चीवर समोर पट्टी नाही, म्हणून पायलट वर आणि किंचित मागे सरकत चढतो, पॅड सतत नजरेसमोर ठेवून. इंजिन गेलं तर त्याच पॅडवर परत बसता यावं एवढ्यासाठी. या पद्धतीत यंत्राला पुढच्या वेगाची मदत मिळत नाही, सगळी ताकद नुसतं लटकत राहण्यात जाते, आणि त्याची किंमत परत वजनातच मोजावी लागते. जमिनीजवळ, रोटरच्या एका व्यासाइतक्या उंचीपर्यंत, खालून दबलेल्या हवेचा आधार मिळतो. गच्चीची कड ओलांडली की तो आधार एका क्षणात जातो. कठड्यावरून वर येणारा वारा उलटसुलट भोवरे करतो ते वेगळंच.

इमारतीलाही सोसावं लागतं. एडब्ल्यू-१३९चं पूर्ण वजन ६,४०० किलो धरलं तर आपटून उतरण्यासाठी अडीचपट, म्हणजे १६ टनांचा धक्का स्लॅबने झेलला पाहिजे. आगीचंही तसंच. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या तक्त्यात १५ ते २४ मीटर डीच्या यंत्रासाठी जमिनीवरच्या हेलिपोर्टला फेसाचं १,००० लिटर पाणी पुरे मानलंय, मिनिटाला ५०० लिटरने दोन मिनिटं. गच्चीवर तेवढ्याच यंत्रासाठी ५,००० लिटर, म्हणजे दहा मिनिटं. पाचपट का? जमिनीवर माणसं पळून लांब जाऊ शकतात आणि मागून दुसरा बंब येतो. गच्चीवर पेटलेलं इंधन उतरायच्या जिन्याकडेच वाहतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळीसुद्धा जमिनीवर २.४ मीटर लांब आणि गच्चीवर १.२ मीटर चालते. गच्चीवर सवलत मिळते ती एवढीच.

गच्चीवरचं पॅड निरुपयोगी नाही. रुग्णालयाच्या माथ्यावर, एका रुग्णासाठी, हलक्या वजनाने ते प्राण वाचवतं. पण रोज बारा-बारा माणसं भरून समुद्रावर निघणाऱ्या यंत्रांची जागा ती नव्हे.

आणि ही यंत्रं निघतात कशासाठी? बहुतेक तेलासाठी. मुंबई हायचं तेल १९७४ साली सापडलं. ते क्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत आहे. प्लॅटफॉर्म आणि रिगवरची माणसं १४ दिवस कामावर, १४ दिवस घरी अशी पाळी करतात, आणि पाळीबदल जुहूवरून होतो. १९८५ साली स्थापन झालेली पवन हंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी मुख्यतः याच कामासाठी उभी राहिली. दिल्लीत रोहिणीला २८ फेब्रुवारी २०१७ला खास हेलिकॉप्टरांसाठी बांधलेलं हेलिपोर्ट सुरू झालं. मुंबईत मात्र हे काम १९२८ सालच्या विमानतळावर चालतं. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते. तेव्हा ही समुद्रालगतची सखल मातीची पट्टी होती. पावसाळ्यात पाणी भरायचं म्हणून टपालाची विमानं पुण्याला हलवावी लागत. सखलपणा अजून तसाच आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही, आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता हे या भागात कोणी विसरलेलं नाही.

समुद्रावर जाणाऱ्यासाठी प्रवास काट्यापासून सुरू होतो. माणूस आणि बॅग, दोन्ही वजनाला लागतात. बॅगेचं वजन लपवून गैरसोय स्वतःचीच नाही, सगळ्यांची होते. वरचं अडीच टक्के चढाचं गणित आठवावं. मग सुरक्षेची माहिती. लाइफ जॅकेट घालायचं, पण यंत्राच्या आत असताना कधीही फुगवायचं नाही. हेलिकॉप्टर पाण्यावर उलटतं, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटर हे सगळं वजन वरच्या बाजूला असतं. उलटं झाल्यावर आत पाणी भरतं, आणि फुगलेलं जॅकेट माणसाला वर, म्हणजे आता छत झालेल्या फरशीला, दाबून धरतं. दार किंवा खिडकी त्याच्या खाली राहते आणि बुडी मारता येत नाही. म्हणून क्रम असा: एक हात खिडकीच्या चौकटीवर आणि तो सोडायचा नाही, यंत्र पूर्ण थांबेपर्यंत, पाती थांबेपर्यंत थांबायचं, खिडकी ढकलून सोडवायची, मग पट्टा उघडायचा, चौकटीच्या हाताने स्वतःला बाहेर ओढायचं, आणि बाहेर आल्यावरच दोरी ओढायची. पट्टा आधी उघडला तर माणूस आत तरंगू लागतो आणि खिडकी कुठल्या दिशेला होती हेच कळत नाही. हे वाचून येत नाही. पाण्याच्या टाकीत उलट्या होणाऱ्या सांगाड्यात बसूनच अंगात मुरतं. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे समुद्रावर जाणाऱ्यांना जगण्याचे असे धडे दिले जातात. प्रशिक्षणाची मुदत संपली तर नूतनीकरणाला कंटाळू नये. १३ जानेवारी २०१८ला जुहूवरून निघालेलं डॉफिन समुद्रात पडलं आणि सातही जण गेले. २८ जून २०२२ला ‘सागर किरण’ रिगजवळ नऊ जणांसह यंत्र पाण्यात पडलं, पाच वाचले, चार नाही.

यंत्राकडे चालत जातानाही क्रम आहे. ग्राउंड क्रूच्या खुणेशिवाय पिवळी रेघ ओलांडायची नाही. पायलटला दिसेल अशा बाजूनेच जायचं, शेपटीच्या मागून कधीही नाही. टोपी, ओढणी, सुटे कागद आधीच आत. लांब वस्तू खांद्यावर नाही, कमरेशी आडवी धरायची. रोटर मंद होत असताना तो जास्त धोक्याचा: वेगात असताना पाती ताठ असतात, मंद झाली की लवतात, आणि वाऱ्याच्या झोताने डोक्याच्या उंचीपर्यंत खाली येऊ शकतात. “बंद केलंय, आता चला” असं म्हणून निघणारे इथेच चुकतात.

संध्याकाळी दुसरं काम सुरू होतं. दिवसभर खाऱ्या हवेत फिरलेल्या इंजिनाच्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मीठ बसतं. ते साचलं की हवा कमी ओढली जाते, तापमान वाढतं आणि मग गंज. शेवटच्या फेरीनंतर इंजिन निवू द्यायचं, प्रज्वलन बंद ठेवून नुसतं स्टार्टरने फिरवायचं आणि तोंडातून क्षारमुक्त पाणी फवारायचं. स्टार्टर ठरलेल्या सेकंदांपेक्षा जास्त चालवला तर तोच जळतो, म्हणून मध्ये थांबायचं. शेवटी इंजिन चालू करून आतला ओलावा सुकवायचा. ही सुकवणी राहिली तर धुण्यानेच गंज चढतो. सकाळी टाकीच्या तळातून काचेच्या भांड्यात इंधन काढून बघायचं: स्वच्छ, चकचकीत, तळाला पाण्याचा थेंब नाही. मुंबईच्या दमट रात्रीत अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी जमतंच. इंधन भरताना आधी बाँडिंगची तार, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी टाळणारी तार, जोडायची, मग नोझल. काढताना नोझल आधी, तार शेवटी.

आता तळाच्या भिंतीबाहेरचं, कारण तिथल्या लोकांना हे क्वचितच कोणी समजावून सांगतं. एका इंजिनावर चढणाऱ्या यंत्रासाठी जी मोकळी उतरण राखायची असते तिचा उतार ४.५ टक्के. ती तळापासून १५२ मीटर उंचीपर्यंत जाते, म्हणजे ३,३८६ मीटर लांब. एक किलोमीटरवर तिची उंची ४५ मीटर, साधारण पंधरा मजले. पाचशे मीटरवर साडेबावीस, सात मजले. म्हणून मार्गाखालच्या जुन्या सोसायट्यांना पुनर्विकासात जास्तीचे मजले मिळत नाहीत आणि बिल्डर येत नाही. फनेल झोनमधल्या, म्हणजे या उड्डाणमार्गाखालच्या, माणसाचं हे दुःख खरं आहे. गळक्या इमारतीत राहून शहराची वाट मोकळी ठेवणाऱ्याला भरपाई मिळायला हवी, आणि ती चटईक्षेत्राच्या रूपाने दुसरीकडे वापरू द्यायला काय हरकत आहे? पण मजले चढवून तो प्रश्न सुटत नाही. मार्गात एक इमारत वर आली की सगळ्या फेऱ्यांचं वजन कमी होतं, फेऱ्या वाढतात, आणि आवाज व धोका दोन्ही त्याच वस्तीवर वाढतात. परवानगीच्या अर्जात उंची समुद्रसपाटीपासून द्यायची असते, आणि ती पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना, वीजरोधक सळई धरून. बांधकाम सुरू असताना क्रेनची टोकाची उंचीही स्वतंत्र कळवावी लागते. अर्ज अडकतात ते बहुधा याच दोन रकान्यांत.

पंख्याखालच्या वाऱ्याचंही तसंच. ६,४०० किलो वजन १३.८ मीटर व्यासाच्या चकतीवर पेलायचं तर चकतीतून हवा सेकंदाला १३ मीटरने खाली ढकलावी लागते, आणि खाली जाताना तिचा वेग दुप्पट होतो: २६ मीटर, ताशी नव्वद किलोमीटरच्या वर. पट्टीजवळच्या वस्तीत पावसाळ्यात छपरांवर निळी ताडपत्री असते, आणि ती उडू नये म्हणून वर विटा आणि जुने टायर ठेवलेले असतात. कमी उंचीवरून जाणाऱ्या यंत्राच्या झोतात ताडपत्री फुगते, वीट घरंगळते, आणि सुटलेला कापडाचा तुकडा भोवऱ्याबरोबर परत वर, रोटरकडे ओढला जातो. वीट नको, ताडपत्रीच्या कडेच्या कड्यांतून नायलॉनची दोरी ओवून ती छपराच्या लोखंडी पट्टीला किंवा वाशालाच बांधावी, दर दीड-दोन फुटांवर एक गाठ, आणि मोकळं टोक आत दुमडून. घारी येतात त्या उघड्या कचऱ्यावर, म्हणून मासळीचा आणि मटणाचा कचरा झाकणाच्या डब्यातच जायला हवा. आणि संक्रांतीला तुटलेला मांजा तळाच्या कुंपणावर लटकलेला दिसला तर तो खाली न सोडता गुंडाळून ठेवावा. वाऱ्याने तो पट्टीवर गेला की रोटरच्या दांड्याभोवती गुंडाळला जातो, आणि सोडवायला यंत्र दिवसभर जमिनीवर राहतं.